इमारतीला गुण कोणी द्यायचे?

पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासण्यात गेली. त्यामुळे गुण कोणी दिले, कशाला दिले आणि केव्हा दिले, हे विचारल्याशिवाय माझा कुठल्याच गुणपत्रिकेवर विश्वास बसत नाही. हल्ली इमारतींनाही गुण मिळतात. कोणाला तीन तारे, कोणाला पाच, कोणाला सोनेरी पाटी, कोणाला प्लॅटिनम. नव्या इमारतींना तर देतातच, पण ज्यांत वर्षानुवर्षं माणसं वावरताहेत अशा जुन्या इमारतीही आता तपासल्या जातात. वीज किती खाते, पाणी किती लागतं, अजून किती वर्षं चालेल, ठेवावी की पाडावी, वगैरे. चांगली गोष्ट आहे. पण या परीक्षेत मला एक मोठी उणीव दिसते, आणि आज तेवढंच सांगायचं आहे. इमारतीत जी माणसं बसतात, रांधतात, झोपतात, शिकतात, त्यांना फारसं कोणी काही विचारत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे, पण तपासणीच्या फॉर्मात तिच्यासाठी रकाना नाही.

विषय आत्ता निघायला कारण घडलं. आमच्या अल्लीपूरच्या बाजूला एका शाळेची जुनी इमारत आहे. विटा-मातीच्या दीड फुटी भिंती, वर कवेलू, समोर लांब सपरी. तिच्या शेजारीच काही वर्षांपूर्वी दोन स्लॅबच्या खोल्या झाल्या. आता जुनी इमारत 'निर्लेखित' करायचं चाललं आहे. निर्लेखन म्हणजे सरकारी कागदावरून इमारत पुसून टाकणं. एकदा पुसली की पाडायला मोकळे. त्यासाठी एक तरुण अभियंता येऊन गेला. मुलगा सालस होता, कामात चोख होता. बांधकामाचं वर्ष, भिंतींचा प्रकार, छताचा प्रकार, तडे किती, ओल कुठे, लाकूड कुजलंय का, सगळं त्यानं लिहून घेतलं, फोटो काढले आणि तासाभरात गेला. शाळा त्या दिवशी भरलेली होती. चाळीसेक मुलं आणि दोन शिक्षक तिथेच होते. त्यांना एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण फॉर्मात तसा प्रश्नच नव्हता.

विचारलं असतं तर काय कळलं असतं? मार्चच्या शेवटी मी तिथे पुस्तकं द्यायला गेले होते. साडेदहा वाजून गेले होते. नव्या खोल्या रिकाम्या, आणि दोन्ही वर्ग जुन्या इमारतीच्या सपरीत बसलेले. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "दहापर्यंत नव्या खोलीत बसवतो मॅडम, मग पोरं चुळबुळ करायला लागतात. इकडं आणलं की गप बसतात." आणि पावसाळ्यात? "पावसाळ्यात उलट. इकडं तीन ठिकाणी गळतं, मग सगळी तिकडं." एवढ्या दोन वाक्यांत त्या बाईंनी दोन्ही इमारतींचं मूल्यमापन करून टाकलं. एक इमारत उन्हाळ्यात पास, एक पावसाळ्यात पास. जुनीची दुखणी तीन जागची गळती, नवीचं दुखणं छत. यातलं कुठलं दुखणं कमी खर्चात बरं होईल, हा खरा प्रश्न आहे. पण तो विचारायचा तर आधी ही दोन वाक्यं कागदावर यायला हवीत.

पुण्या-मुंबईच्या आणि साता समुद्रांपलीकडच्या नातेवाइकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५-४६ पर्यंत जातो. उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणजे आत बसणाऱ्याला काय सोसतं याचा विचार सरकारनं वेळापत्रकात केलेला आहे, इमारतीत मात्र केलेला नाही. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खोलीत सोडायला लागतो. म्हणून स्लॅबच्या घरात दुपारपेक्षा रात्र वाईट जाते आणि लोक बाज घेऊन गच्चीवर जातात. जाड मातीच्या भिंतीतून ऊन आत पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर बाहेर रात्रीची हवा सुटलेली असते, दारं-खिडक्या उघडल्या की घर निवतं. कवेलूंच्या फटींतून वरची गरम हवा निघून जाते. टिनाच्या पत्र्याबद्दल मी काय सांगू? पत्र्याखाली दुपारी दोन वाजता पाच मिनिटं बसा, म्हणजे पुढचं काही वाचायची गरज नाही.

हे झालं खेड्याचं. शहरातल्या पाटीवाल्या इमारतींचं काय?

माझी पुतणी पुण्याला राहते. तिच्या संकुलाच्या दारात हरित इमारतीची छान पितळी पाटी आहे. घर घेताना त्या पाटीचंही कौतुक ऐकलं होतं. तिचा हॉल पश्चिमेला, आणि पश्चिमेची जवळजवळ सगळी भिंत काचेची. मार्च ते जून एसी चालवल्याशिवाय दुपारी त्या हॉलमध्ये बसवत नाही. ती मला म्हणाली, "मोठी आई, पाटी खाली दारात लागली आहे आणि ऊन माझ्या हॉलमध्ये येतं." सौर दिवे, पावसाचं पाणी जिरवणं, सांडपाणी शुद्ध करणं, हे सगळं तिथे आहे आणि ते खरं आहे. पण राहायला आल्यावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा कोणी येऊन, "कसं वाटतंय? बिल किती येतं? कोणती खिडकी उघडत नाही?" असं विचारलं का? नाही. नकाशाला गुण मिळाले, घराचे राहूनच गेले.

हरित इमारतींच्या चळवळीला मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगते. इंग्लंडात १९९० साली 'ब्रीअम' नावाची पद्धत निघाली, मग अमेरिकेची 'लीड' आली. आपल्याकडे २००१ साली भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली, आणि टेरी या संस्थेनं केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर 'गृह' ही देशी पद्धत उभी केली. या सगळ्यांमुळे बांधणाऱ्यांना निदान पाणी, वीज, कचरा यांचा हिशेब ठेवायची सवय लागली. पण हिशेब कशाचा ठेवायचा, यावर बरंच अवलंबून असतं. ऊर्जा दक्षता ब्युरोनं २००९ साली कार्यालयांच्या इमारतींना तारे द्यायला सुरुवात केली. वापरात असलेल्या इमारतीत दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट वीज लागली, त्यावर तारे. सोपं आणि स्पष्ट. आता समजा एखाद्या कचेरीत निम्मे पंखे बंद आहेत आणि कारकून मंडळी फाइलीनं वारा घेताहेत. वीज कमी लागली, तारा वाढला! वर्गात शांतता आहे म्हणून मुलांना समजलं असं मानणाऱ्या शिक्षकासारखंच हे झालं.

'लीड'च्या जुन्या इमारतींसाठीच्या पद्धतीत राहणाऱ्यांना प्रश्न विचारायची सोय होती. पण २०१३ च्या आवृत्तीत त्याला ११० पैकी गुण किती? एक. पुढच्या आवृत्तीत तो वाटा बराच वाढवला आहे, म्हणजे त्यांनाही चूक उमगली असावी. हे चांगलंच आहे.

काही जण म्हणतील, माणसांना काय विचारायचं? माणसं कुरकुरतातच. एकाला थंडी वाजते, दुसऱ्याला उकडतं. थर्मामीटर खोटं बोलत नाही. हा आक्षेप मी शिक्षक-खोलीत अनेकदा ऐकला आहे, मुलांच्या बाबतीत. एका मुलानं "समजलं नाही" म्हटलं तर त्याचं लक्ष नव्हतं असं म्हणता येईल. चाळीस मुलांनी म्हटलं तर शिकवणं तपासावं लागतं. माणसांना नीट, शिस्तीत विचारलं तर त्यांच्या उत्तरांतूनही पक्की माहिती मिळते, आणि हे संशोधकांनी दाखवून दिलेलं आहे.

डेन्मार्कचे फँगर यांनी १९७० साली माणसाला किती तापमान सुखाचं वाटतं याचं गणित मांडलं. त्यासाठी विद्यार्थ्यांना बंद, नियंत्रित खोलीत बसवून चाचण्या घेतल्या होत्या. एसीच्या जगानं ते गणित डोक्यावर घेतलं. पण त्याच दशकात फर्गस निकोल यांनी आपल्या रुरकीच्या आणि इराकमधल्या बगदादच्या लोकांच्या नोंदींचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. तिथली माणसं तिशीच्या वर पारा असतानाही, पंखा असला की, ठीक आहे म्हणत होती. माणूस आपल्या हवेला सरावतो, कपडे बदलतो, खिडकी उघडतो, जागा बदलतो. बंद खोलीतल्या चाचणीत हे काही करता येत नाही.

आपल्याकडचा मला सर्वांत आवडलेला अभ्यास माधवी इंद्रगंटी यांचा. २००८ च्या उन्हाळ्यात त्यांनी हैदराबादच्या पाच इमारतींतल्या ४५ घरांत जाऊन तिथे राहणाऱ्या शंभरावर माणसांना पुन्हा पुन्हा विचारलं, आणि सोबत तापमानही मोजलं. लोकांना सुखाचं वाटणारं तापमान निघालं साधारण २९ अंश, आणि २६ पासून ३२ च्या थोडं वरपर्यंत चालत होतं. त्या वेळी राष्ट्रीय इमारत संहितेत लिहिलेलं होतं २३ ते २६! म्हणजे कागदावरचं सुख आणि माणसाचं सुख यांत पाच-सहा अंशांचा फरक. हा फरक एसीनं भरून काढायचा म्हटलं तर केवढी वीज जाते याचा विचार करा. शिवाय सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्यांचे हाल वेगळे. आणि खिडक्या आहेत, पण लोक उघडत नाहीत, कारण डास, कारण समोरच्याची नजर, कारण चोराची भीती. नकाशात खिडकी म्हणजे वारा. घरात खिडकी म्हणजे वारा, डास आणि शेजारी. हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मंडळींनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या १६ कार्यालयांतून सहा हजारांवर उत्तरं गोळा केली आणि त्यांवरून भारतीयांसाठी वेगळं गणित बसवलं. ते २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घेतलंही गेलं. सांगायचा मुद्दा, माणसांना विचारल्यामुळे देशाची संहिता बदलू शकते. मग आमच्या दोन खोल्यांच्या शाळेचा फॉर्म का बदलू नये?

इथपर्यंत वाचून काही जणांना वाटेल, बाई आता मातीच्या घरांची आरती ओवाळणार. नाही. विचारायचं म्हटलं की दुसरी बाजूही ऐकावी लागते, आणि ती बाजू बहुतेक वेळा बायकांची असते.

लग्न होऊन मी आले तेव्हा सासरचं घर मातीचंच होतं. घर निवांत गार, हे खरं. पण आठ दिवसांनी सारवण, सणाला पांढऱ्या मातीचा पोतारा, मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, आणि फेरून झाले की दोन दिवसांत वानरांची टोळी येऊन त्यावर नाचून जाणार. आमच्याकडे कवेलूंचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस नाही, वानर आहे. हे पुण्याच्या कुठल्या वास्तुरचनाकाराला पटकन पटणार नाही, पण विदर्भातल्या कोणालाही विचारा. लाकडाला उधई, भिंतीच्या बिळात विंचू, आड्यावर साप. शिवाय सारवायला शेण हवं, शेणाला गुरं हवीत, आणि गुरं तर गावातून कमी होत चालली. हातकवेलू करणारे कुंभार आमच्या आसपास राहिले नाहीत. फेरणारा माणूस मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही.

आमच्या ओळीतल्या एका वयस्क बाईंना घरकुल मिळालं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचं घर, सपाट भागासाठी एक लाख वीस हजारांचं अनुदान. त्यांची जुनी झोपडी तुराट्यांच्या कुडाची आणि मातीची होती. मी विचारलं, नवं घर तापत नाही का? म्हणाल्या, "तापते ना बाई. पण पावसात रात्री उठून भांडी मांडा लागत नाहीत. आन् न्हानीघराला दार आहे." आता या दोन वाक्यांना किती गुण द्याल? गारव्याचे गुण कापले गेले, पण झोपेचे आणि अब्रूचे मिळाले. पर्यावरणाच्या नावाखाली तिला मातीच्या घरात परत जा म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. तिला विचारून त्याच घरावर पांढऱ्या चुन्याचा हात मारता येईल का, समोर सपरी काढता येईल का, एवढंच आपण विचारू शकतो.

आता वर्ध्याचं नाव निघालं की सेवाग्राम आलंच. बापू ३० एप्रिल १९३६ रोजी त्या वेळच्या सेगावात आले. घर स्थानिक सामानाचं, स्थानिक कारागिरांनी बांधलेलं आणि पाचशे रुपयांच्या आत बसणारं हवं, ही त्यांची अट होती असं सांगतात. माती, बांबू, लाकूड, कवेलू. आदि निवासात गर्दी झाली, मग मीराबहनसाठी उभारलेल्या झोपडीत ते राहायला गेले, तीच बापूकुटी. राहणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे तिच्यात भर पडत गेली. त्याच कुटीत बसून १९७८ साली इव्हान इलिच या विचारवंताला वाटलं, की आजकालची घरं माणसांपेक्षा सामानासाठीच बांधलेली असतात. लॉरी बेकर यांनीही आयुष्यभर सांगितलं, की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं हा विचार त्यांनी गांधीजींकडून घेतला. हे सगळं मोठं आहे. मेमध्ये कुटीत शिरलेला प्रत्येक पर्यटक "अहाहा, किती गार!" म्हणतो, तेही खोटं नाही.

पण पर्यटक दहा मिनिटं असतो. राहणाऱ्याचा अनुभव त्याहून वेगळा आणि जास्त खरा. सेगाव तेव्हा हिवतापाचं गाव होतं, आणि त्याच वर्षी खुद्द बापूंनाही हिवताप झाला. ती झोपडी आज इतकी वर्षं उभी आहे ती मातीत जादू आहे म्हणून नव्हे. दर वर्षी कोणीतरी आपलेपणानं ती सारवतं, शाकारतं, म्हणून. इमारत टिकाऊ आहे का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर सामानात असतं आणि निम्मं "तिची निगा कोण राखणार आणि त्याला ते करावंसं वाटतं का?" या प्रश्नात. वर्ध्यातच देवेंद्रकुमारांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. मातीचं घर कमी कष्टाचं कसं होईल, यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालं. मला ती दिशा बरोबर वाटते. कारण गारव्याइतकाच विचार तिथे सारवणाऱ्या हातांचाही झाला.

अजून एक गोष्ट, आणि ती कडू आहे. राहणाऱ्याला सगळंच कळतं असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची ती दगड-मातीची घरं. दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या भिंती, वर मातीचं जड धाबं. त्या घरांत राहणाऱ्यांना आदल्या संध्याकाळी कोणी विचारलं असतं, तर सगळ्यांनी सांगितलं असतं, घर छान आहे, गार आहे, आजोबांच्या वेळचं आहे. त्याच भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्या भिंतींत काय कमी आहे हे अभियंत्यालाच दिसलं असतं. म्हणून अभियंत्याचा फॉर्म फाडून टाका असं मी मुळीच म्हणत नाही. तडा तो तडाच, आणि मुलांच्या डोक्यावरचं कुजलेलं लाकूड हा मतदानाचा विषय नाही.

पण किल्लारीची गोष्ट तिथे संपत नाही. नंतर ५२ गावं नव्या जागी, नव्या आखणीची, भक्कम घरांची वसवली गेली. घरं भूकंपाला पुरी पडणारी, हे मोठंच काम झालं. पण गावं लांबरुंद पसरली, शेजार तुटला, गुरं आणि अवजारं कुठे ठेवायची हा प्रश्न राहिला, आणि लोकांनी हळूहळू पुढे-मागे पत्र्याच्या सपऱ्या काढून आपापलं घर पुरं करून घेतलं. दुसरीकडे, ज्यांची घरं उभी राहिली होती अशा लाखावर कुटुंबांनी सरकारी मदतीनं स्वतःच आपल्या घरांची डागडुजी आणि मजबुती करून घेतली. म्हणजे मार्ग आहे. सुरक्षितता अभियंत्यानं सांगायची, राहणं राहणाऱ्यानं सांगायचं, आणि निर्णय दोन्ही ऐकून घ्यायचा.

मग पर्यावरणाचा यात संबंध काय? फार जवळचा आहे. आमच्याकडच्या सिमेंटचे कारखाने शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना तालुक्यात आहेत. तिथला चुनखडक फोडून, कोळशानं भाजून ते तयार होतं. जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. उभी इमारत पाडली की तिच्यात आधी खर्च झालेलं सगळं मातीमोल होतं आणि नव्यासाठी पुन्हा तेवढंच खर्चावं लागतं. त्यामुळे उभी इमारत वापरत राहणं हाच बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त आणि हिरवा मार्ग. पण इमारत वापरत कोण राहील? ज्याला ती सोसते तो. ज्या घरात बाईला रांधताना घेरी येते, ते घर कागदावर कितीही हिरवं असो, मुलगा कमवायला लागला की ते पाडणार. आणि जी इमारत माणसांना हवीशी आहे ती, तीन ठिकाणी गळत असली तरी, कोणीतरी शाकारून घेईल. राहणाऱ्याचं समाधान हे इमारतीच्या आयुष्याचं मोठं माप आहे, आणि तेच आपण मोजत नाही.

इंग्लंडात १९९५ पासून सात-आठ वर्षं वापरातल्या इमारतींत जाऊन असाच एक अभ्यास झाला होता, 'प्रोब' नावाचा. नव्या, गाजलेल्या इमारती प्रत्यक्षात नकाशातल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वीज खात असल्याचं त्यात आढळलं. आणि माणसांचं एक मजेशीर निरीक्षण निघालं. जिथे खिडकी आपल्या हातानं उघडता येते, दिवा आपल्या हातानं बंद करता येतो, तिथे माणसं इमारतीचे बारीकसारीक दोष माफ करतात. आपल्या माजघराचं वेगळं काय होतं? झरोका कधी उघडायचा आणि पडदा कधी ओला करायचा, हे घरच्या बाईच्या हातात होतं.

असो. नुसतं बोलून उपयोग नाही म्हणून शाळेसाठी मी काही प्रश्न लिहून काढले आहेत. घरालाही लागू पडतील.

१. दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे बसता आणि का?
२. रात्री झोप कुठे लागते?
३. वीज गेली तर किती वेळ आत बसवतं?
४. कोणती खिडकी कधीच उघडत नाही? का?
५. पावसात पाणी कुठून येतं आणि तेव्हा तुम्ही काय करता?
६. दुरुस्ती कोण करतं? तो माणूस गावात मिळतो का? वर्षाला किती खर्च येतो?
७. म्हातारं माणूस आणि लहान पोर रात्री एकटं संडासला जाऊ शकतं का?
८. हातात पैसे आले तर या इमारतीत काय ठेवाल आणि काय बदलाल?

आणि दोन पथ्यं. एक, प्रश्न फक्त कर्त्या पुरुषाला विचारायचे नाहीत. तो दिवसभर शेतात किंवा पाटावर असतो. घरातल्या बाईला, आजीला, मुलांना विचारायचे. शाळेत मुलांना आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना. दोन, डिसेंबरात विचारायचे नाहीत. डिसेंबरात विदर्भातली प्रत्येक इमारत पहिल्या वर्गात पास होते. एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैत विचारा, सोबत साधा थर्मामीटर ठेवा.

शाळेबद्दल माझं मत असं. अभियंत्यानं लाकूड आणि भिंती नीट तपासाव्यात. धोका असेल तर मुलं एक दिवसही तिथे बसू नयेत. पण धोका नसेल, किंवा दुरुस्तीनं जाण्यासारखा असेल, तर गळती काढा, वानरांसाठी कवेलूंवर जाळी टाका, आणि नव्या खोल्यांच्या स्लॅबवर दर फाल्गुनात चुन्याचे दोन हात द्या. मग मुलांना उन्हाळ्यात जुनी आणि पावसाळ्यात नवी, अशा दोन्ही इमारती वापरता येतील. आत्ताही ती तेच करताहेत. त्यांनी शोधलेला उपाय आपण फक्त कागदावर घ्यायचा आहे.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. त्याआधी हे आठ प्रश्न घेऊन मी शाळेत जाणार आहे. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी मदतीला यायला तयार झाल्या आहेत. तुम्हीही आपापल्या घरात, सोसायटीत, कचेरीत हे विचारून पाहा, आणि घरात जो सर्वांत कमी बोलतो त्याला आधी विचारा. उत्तरं मला जरूर कळवा. ग्रामसभेत काय ठरलं ते मी इथे लिहीनच.